मावळत्या ताऱ्याचा पगार

२५ नोव्हेंबर २०१३ रोजी लॉस एंजेलिस लेकर्स या बास्केटबॉल संघाने कोबी ब्रायंटशी दोन वर्षांचा नवा करार केला. रक्कम ४ कोटी ८५ लाख डॉलर. ब्रायंट तेव्हा पस्तीस वर्षांचा होता आणि सात महिन्यांपूर्वी त्याच्या डाव्या टाचेमागची अकिलीज शीर तुटली होती. त्यानंतर तो एकही सामना खेळला नव्हता. तो पूर्वीसारखा धावेल का, उडी मारून खाली येताना पाय भार झेलेल का, हे कोणीच पाहिलेलं नव्हतं. जुना करार संपायलाही तो हंगाम जवळजवळ सगळा बाकी होता. थोडं थांबून पाहण्यात लेकर्सचं काही जात नव्हतं. तरी सही झाली.

त्या आणि पुढच्या दोन हंगामांत लेकर्सनी २७, २१ आणि १७ सामने जिंकले. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, हंगामाला प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. १७ विजय हा लेकर्सच्या इतिहासातला नीचांक. त्यामुळे तो करार म्हणजे अमेरिकी बास्केटबॉलमधल्या एका जुन्या भांडणाचा आवडता पुरावा झाला: उतारवयातला महान खेळाडू संघाला सावरतो की संघाचा उद्याच खाऊन टाकतो?

लेकर्सच्या कचेरीत तेव्हा घरचंच बिनसलेलं होतं. १९७९ पासून संघाचे मालक असलेले जेरी बस फेब्रुवारी २०१३ मध्ये वारले. खेळाचा कारभार मुलगा जिमकडे, बाकी व्यवहार मुलगी जीनीकडे, अशी वाटणी झाली. जुलैमध्ये ड्वाइट हॉवर्ड ह्यूस्टनला निघून गेला. ब्रायंटनंतर संघ याच्या खांद्यावर, असं ज्याच्याबद्दल ठरवून ठेवलं होतं तो हा खेळाडू. वडील गेले, ठरवलेला वारसही गेला. उरला तो सतरा हंगाम एकाच संघासाठी खेळलेला आणि पाच जेतेपदं मिळवून दिलेला माणूस. त्याला ‘जरा थांब, आधी पाय कसा आहे ते पाहू’ असं सांगायची कोणाची छाती होती?

करार किती महाग होता हे समजायला एनबीएचा पगाराचा नियम माहीत हवा. आयपीएलमध्ये जशी प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते, तशी तिथे एकूण पगारावर मर्यादा असते. तिला ‘कॅप’ म्हणतात. ही मर्यादा आयपीएलइतकी कडक नाही. आपल्याच खेळाडूला ठेवून घेताना ती ओलांडता येते. पण बाहेरचा करारमुक्त मोठा खेळाडू आणायचा तर कॅपमध्ये मोकळी जागा लागते. २०१४-१५ मध्ये कॅप होती सुमारे ६ कोटी ३१ लाख डॉलर आणि त्यातले २ कोटी ३५ लाख एकट्या ब्रायंटचे. म्हणजे शंभरातले सदतीस. उरलेल्या त्रेसष्टात दहा-बारा खेळाडू बसवायचे. पुढच्या वर्षी कॅप वाढून ७ कोटी झाली आणि ब्रायंटचा पगार अडीच कोटी. एनबीएत त्या वर्षी सर्वांत जास्त पगार त्याचाच होता.

आपल्याकडे ब्रायंटच्या त्या सहीच्या बरोबर नऊ दिवस आधी, १६ नोव्हेंबरला, सचिन तेंडुलकर वानखेडेवर दोनशेवी कसोटी खेळून निवृत्त झाला. त्याच्या शेवटच्या दोन वर्षांवरही चहाच्या टपरीपासून संपादकीयांपर्यंत वाद झाला होता. पण कसोटी संघात वय झालेला फलंदाज अडवून अडवून एक जागा अडवतो. बाहेर ताटकळणाऱ्या अजिंक्य रहाणेचं मानधन सचिनच्या मानधनातून कापलं जात नव्हतं. एनबीएत मात्र कापलं जातं. तिथला म्हातारा तारा एक जागा घेतो, आणि आणखी दोघांचे पगारही घेऊन बसतो.

दुसरी बाजू तितकीच खरी आहे, आणि मला ती अनेकदा जास्त पटते. एनबीएत एका खेळाडूला जास्तीत जास्त किती पगार द्यायचा याचीही मर्यादा आहे. अव्वल खेळाडू आपल्या खऱ्या किमतीपेक्षा आयुष्यभर कमीच घेतो. लेकर्सची स्थानिक टीव्हीसाठीची वीस वर्षांची कराररक्कम अब्जावधी डॉलरमध्ये होती. ती बॅकअप सेंटरच्या तोंडाकडे पाहून कोणी दिली नव्हती. २०१६ च्या ऑल-स्टार सामन्यासाठी चाहत्यांची सर्वाधिक मतं पडली ती ब्रायंटला, अठरा लाखांहून जास्त. तेव्हा त्याचा संघ तळाशी होता. अशा माणसाने ‘संघासाठी त्याग’ म्हणून पगार सोडावा, ही अपेक्षा अब्जाधीश मालकाच्या फार सोयीची आहे. ब्रायंटने आकड्यासाठी घासाघीस केली नाही. लेकर्सनी देऊ केलं ते त्याने घेतलं. मी त्याच्या जागी असतो तर मीही घेतलं असतं.

आणि त्याची ती शीर तुटली कोणासाठी? मार्च-एप्रिल २०१३ मध्ये लेकर्स प्ले-ऑफच्या शेवटच्या जागेसाठी धडपडत होते. प्रशिक्षक माइक डी’अँटोनी चौतीस वर्षांच्या ब्रायंटला बाकावर बसवेनासे झाले. १० एप्रिलला पोर्टलंडमध्ये तो ४८ च्या ४८ मिनिटं खेळला आणि ४७ गुण केले. दोनच दिवसांनी, घरच्या मैदानावर गोल्डन स्टेटविरुद्ध, शेवटची तीन मिनिटं राहिली असताना त्याने नेहमीसारखी डाव्या बाजूने मुसंडी मारली आणि खाली बसला. समोर हॅरिसन बार्न्स होता. तू मला लाथ मारलीस का, असं त्याने बार्न्सला विचारलं. मारली नव्हती. तो उठला, लंगडत फ्री थ्रोच्या रेषेवर गेला, दोन्ही फ्री थ्रो टाकले, गुणसंख्येची बरोबरी केली आणि मग आत गेला. लेकर्स सामना दोन गुणांनी जिंकले, प्ले-ऑफमध्ये पोहोचले आणि पहिल्याच फेरीत सॅन अँटोनियोकडून ०-४ हरले. चार पराभवांसाठी एक टाच गेली. तारा संघाचं काय करतो हे विचारणारे, संघ ताऱ्याचं काय करतो हे क्वचितच विचारतात.

डिसेंबरात तो परतला. सहा सामने झाले आणि गुडघ्याजवळचं हाड मोडलं, हंगाम संपला. पुढच्या हंगामात ३५ सामन्यांनंतर खांदा गेला. त्या ३५ सामन्यांत दोन गोष्टी शेजारी शेजारी घडल्या. १४ डिसेंबर २०१४ ला मिनेसोटात त्याने मायकल जॉर्डनचे ३२,२९२ गुण मागे टाकले. सामना थांबवून त्याला चेंडू देण्यात आला. नऊ दिवसांनी थकव्यामुळे तो बाहेर बसला, आणि लेकर्सनी त्या वेळच्या लीगमधल्या सर्वांत तगड्या संघाला, गोल्डन स्टेटला, ११५-१०५ असं हरवलं. टीकाकारांना एवढं पुरे होतं. एका रात्रीवरून निष्कर्ष काढू नये हे खरं, पण त्या रात्री चेंडू पाच जणांत फिरत होता हे दिसायला तज्ज्ञ असायची गरज नव्हती.

२०१५-१६ चं वर्ष सर्वांत अवघड. नोव्हेंबरात त्याने हा शेवटचा हंगाम असं जाहीर केलं आणि पुढचे साडेचार महिने प्रत्येक गावात निरोप समारंभ झाला. टोपलीत पडणाऱ्या चेंडूंचं त्याचं प्रमाण शंभराला छत्तीसच्याही खाली आलं होतं, कारकिर्दीतलं सर्वांत कमी, तरी सामन्याला सतरा-एक फटके तोच घेत होता. संघात डी’अँजेलो रसेल हा एकोणीस वर्षांचा मुलगा होता, त्या वर्षीच्या नव्या खेळाडूंत दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला. ज्युलियस रँडल होता, ज्याचा आधीच्या वर्षी पहिल्याच सामन्यात पाय मोडला होता. संघ सगळ्यांत मागे असताना हरण्यात निदान एक फायदा असतो, पोरांना मनसोक्त चुका करू देता येतात. प्रशिक्षक बायरन स्कॉट यांनी डिसेंबरात या दोघांना सुरुवातीच्या पाचांतून काढून बाकावर बसवलं. ब्रायंट आत राहिला. शिस्त होती, पण ती ज्यांच्यावर चालते त्यांच्यावरच चालली.

आता खऱ्या नुकसानीकडे येतो. ते ब्रायंटच्या नावावर टाकलं जातं, पण कागद वेगळंच सांगतात. जुलै २०१२ मध्ये लेकर्सनी स्टीव्ह नॅशला फिनिक्सकडून आणलं. नॅश तेव्हा अडतीस वर्षांचा होता. त्याच्या बदल्यात पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक दिले. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून आणि परदेशांतून येणाऱ्या नव्या पोरांची दरवर्षीची निवड. खालचे संघ आधी निवडतात आणि त्यांच्यातले वरचे क्रमांक सोडतीने ठरतात. पिक देणं म्हणजे पुढच्या वर्षांतलं एक अनोळखी पोरगं आज विकणं. नॅश लेकर्ससाठी दोन हंगामांत मिळून ६५ सामने खेळला, तिसऱ्यात एकही नाही. विकलेला दुसरा पिक अनेक वर्षं टांगणीला राहिला, मध्ये फिलाडेल्फियाकडे गेला आणि २०१८ मध्ये दहाव्या क्रमांकावर वसूल झाला. त्यावर निवडलेला मिकाल ब्रिजेस त्याच रात्री दुसऱ्या सौद्यात पुन्हा फिनिक्सलाच गेला. असले योगायोग एनबीएच्या कचेऱ्यांतच होतात.

याहून भयंकर उदाहरण त्याच २०१३ च्या उन्हाळ्यातलं आहे. ब्रुकलिन नेट्सनी बॉस्टनकडून केव्हिन गार्नेट (वय ३७) आणि पॉल पिअर्स (वय ३५) घेतले आणि बदल्यात २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक दिले, शिवाय २०१७ चा पिक अदलाबदलीचा हक्क. मिळालं काय? प्ले-ऑफची एक फेरी. पिअर्स वर्षभरात गेला, गार्नेट दीड वर्षात. ब्रुकलिन तळाला गेलं, आणि तळाला जाण्याचा मोबदला म्हणून जे पिक मिळाले ते सगळे बॉस्टनच्या खिशात. २०१६ चा पिक म्हणजे जेलन ब्राउन. २०१७ चा पिक पुढे फिरवून जेसन टेटम. या दोघांनी २०२४ मध्ये बॉस्टनला अठरावं जेतेपद मिळवून दिलं. गार्नेट आणि पिअर्स यांचा यात काहीच दोष नव्हता; ते बोलावलं तिथे गेले आणि जमेल तसं खेळले. भविष्य विकलं ते सही करणाऱ्यांनी.

माझं म्हणणं एवढंच आहे. घरात मुरलेला म्हातारा तारा संघाला महागात पडतो, पण त्याचा करार ठरलेल्या तारखेला संपतो आणि कॅप मोकळी होते. बाहेरून म्हातारा तारा आणायला विकलेले पिक मात्र परत येत नाहीत. दोन्हींना एकाच मापाने मोजणं चूक.

‘मग टिम डंकनकडे पाहा’ असं लगेच ऐकवलं जातं. खरंच पाहण्यासारखा माणूस आहे. सॅन अँटोनियोत २०११-१२ ला त्याला दोन कोटींहून जास्त पगार होता. २०१२ मध्ये त्याने तो निम्म्याहून खाली आणला. उरलेल्या जागेत संघ उभा राहिला आणि २०१४ मध्ये अडतीस वर्षांच्या डंकनने पाचवं जेतेपद घेतलं. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो बावीस वर्षांचा कवाय लेनर्ड. २०१५ मध्ये लामार्कस ऑल्ड्रिज करारमुक्त झाला तेव्हा लेकर्सही त्याला भेटले. तो गेला सॅन अँटोनियोला. यात हेही धरायला हवं की टेक्ससमध्ये राज्याचा आयकरच नाही आणि कॅलिफोर्नियात तो अमेरिकेतल्या सर्वांत जड करांपैकी आहे. तरीही डंकनचं श्रेय कमी होत नाही.

पण त्याच राज्यात, डॅलसमध्ये, डर्क नोविट्झ्कीनेही तेच केलं. २०१४ मध्ये त्याने तीन वर्षांसाठी फक्त अडीच कोटी डॉलर घेतले; त्याआधी एका वर्षाला सव्वादोन कोटींहून जास्त घेत होता. २०१७ मध्ये आणखी एक वर्ष अडीच कोटी घेण्याचा हातातला पर्याय सोडून वर्षाला पन्नास लाखांवर आला. या त्यागातून काय उगवलं? २०११ च्या जेतेपदानंतर थेट २०२२ पर्यंत डॅलसने प्ले-ऑफची एक फेरी जिंकली नाही. मोकळी केलेली जागा भरायला माणूस मिळाला नाही, किंवा मिळाला तो चुकीचा. डंकनच्या मागे माणसं पारखणारी कचेरी होती. पगार सोडणारा तारा आणि ती पारख, दोन्ही लागतात. एकट्या त्यागाचं नुसतं कौतुक होतं.

लेकर्सच्या गोष्टीत मात्र पुढे जे झालं ते कोणीच ठरवून केलेलं नव्हतं. नॅशसाठी दिलेल्या पिकला एक अट होती: लेकर्सचा क्रमांक फार वरचा आला तर तो त्यांच्याकडेच राहील, देणं पुढच्या वर्षावर जाईल. म्हणजे थोडं वाईट खेळलं तर पिक गेला, अतिशय वाईट खेळलं तर वाचण्याची आशा. ब्रायंटचे लेकर्स अतिशय वाईट खेळले. २०१५ ला सोडतीत दुसरा क्रमांक आला, रसेल मिळाला. २०१६ ला पहिल्या तीनांत राहण्याची शक्यता शंभरात छप्पन होती. पुन्हा दुसरा क्रमांक, ब्रँडन इंग्रम मिळाला. ब्रायंट निवृत्त झाल्यानंतरच्या २०१७ ला शक्यता सत्तेचाळीस; पुन्हा दुसरा, लॉन्झो बॉल मिळाला. नुसत्या या शेवटच्या दोन सोडती मनासारख्या लागण्याची शक्यता चारात एक. २०१९ मध्ये इंग्रम, बॉल, जॉश हार्ट आणि आणखी काही पिक देऊन न्यू ऑर्लिन्सकडून अँथनी डेव्हिस आणला गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये लेब्रॉन जेम्स आणि डेव्हिस यांच्या जोरावर लेकर्सनी जेतेपद जिंकलं. ब्रायंट तेव्हा हयात नव्हता. त्याच वर्षीच्या २६ जानेवारीला हेलिकॉप्टर अपघातात तो गेला होता.

याचा उलटा अर्थ लावणारेही आहेत: ब्रायंटच्या पडझडीनेच लेकर्सचं भविष्य घडवलं म्हणे. धडधाकट ब्रायंटने संघ दरवर्षी आठव्या-नवव्या स्थानावर ठेवला असता तर पिक गेले असते, हे हिशेबाने बरोबर आहे. पण सोडतीत नंबर लागला म्हणून तिकिटावर पैसे उडवणाऱ्याला हुशार म्हणायचं नसतं.

शेवटचा सामना मात्र हिशेबाबाहेरचा होता. लॉस एंजेलिसमध्ये १३ एप्रिल २०१६ ची संध्याकाळ. आपल्याकडे १४ एप्रिल, आंबेडकर जयंतीची सुट्टी, सकाळचे आठ. सदतीस वर्षांच्या ब्रायंटने युटाविरुद्ध ५० फटके मारले. एका खेळाडूने एका सामन्यात पन्नास फटके मारणं हा इतर कोणत्याही रात्री गुन्हाच. बावीस आत गेले, ६० गुण झाले. शेवटच्या बारा मिनिटांत त्याचे एकट्याचे २३ गुण, सगळ्या युटाचे २१. लेकर्स १०१-९६ ने जिंकले. त्याचा अगदी शेवटचा उद्योग होता एक लांब पास, पुढे धावणाऱ्या जॉर्डन क्लार्कसनकडे, आणि क्लार्कसनने चेंडू टोपलीत दाबला. त्या संध्याकाळी संघाच्या भविष्याचं काही भलं झालं नाही आणि काही बिघडलंही नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाला भविष्याशी काय देणंघेणं?

ब्रायंट निवृत्त झाला, कॅप मोकळी झाली. तो भविष्य अडवून बसला होता असं म्हणणाऱ्यांनी पुढचा उन्हाळा पाहावा. जुलै २०१६ मध्ये लेकर्सनी टिमोफे मोझगॉवला चार वर्षांसाठी ६ कोटी ४० लाख डॉलर दिले आणि लुओल डेंगला चार वर्षांसाठी ७ कोटी २० लाख. दोघेही तिशीचे. दुसऱ्या हंगामात डेंग एकच सामना खेळला. मोझगॉवचा करार दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यासाठी वर्षभरात रसेललाच सोबत द्यावं लागलं. दोन वर्षांचा एक करार महागात पडलेल्या कचेरीने चार वर्षांचे दोन करून दाखवले, आणि यांतल्या एकाच्याही नावावर तिकीट विकलं जाणार नव्हतं. तीन-चार वर्षांत संघ वर आला नाही तर पायउतार होईन, असं जिम बस २०१४ मध्ये बोलून गेला होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये बहिणीने त्याला काढलं.

नवीन जनरल मॅनेजर म्हणून आला रॉब पेलिंका. ब्रायंटचा अनेक वर्षांचा एजंट. ४ कोटी ८५ लाखांच्या करारात टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला माणूस. ताऱ्याला नाही म्हणणं किती अवघड असतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी २०२१ मध्ये त्यानेही तेच केलं. लेब्रॉन आणि डेव्हिसची पसंती म्हणून सगळीकडे छापून आलेल्या रसेल वेस्टब्रुकला आणलं, आणि तिघांचे पगार मिळून कॅपच्या वर गेले. अ‍ॅलेक्स करुसोसारखा बचावातला गडी शिकागोला गेला. लेब्रॉनने त्या हंगामात सरासरी तीसहून जास्त गुण केले. संघ ३३-४९, प्ले-ऑफच्या बाहेर. वयाच्या सदतिसाव्या वर्षी तीस गुण करणारा माणूस संघाचं नुकसान करतो असं कोणी म्हणत असेल तर त्याने मैदानाकडे पाहणं सोडलं आहे. नुकसान झालं ते त्याच्या पसंतीला कचेरीने आदेश मानल्यामुळे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिल्यांदा वेगळं काही घडलं. पेलिंकाने डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ चा पहिल्या फेरीचा पिक डॅलसला देऊन पंचवीस वर्षांचा लुका डॉन्चिच आणला. चाळिशीच्या लेब्रॉनला आधी विचारलं नव्हतं. जूनमध्ये लेब्रॉनने २०२५-२६ साठीचा करार एक वर्ष चालू ठेवण्याचा, ५ कोटी २६ लाख डॉलरचा, आपला पर्याय वापरला. हा त्याचा तेविसावा हंगाम; इतके हंगाम एनबीएत त्याच्याआधी कोणी खेळलेलं नव्हतं. त्यापुढची वर्षं लेकर्सनी करारात घातली नाहीत. मला हा २०१३ नंतरचा त्या कचेरीतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो: पूर्ण पगार, पूर्ण मान आणि ठरलेली तारीख. लेब्रॉनचा तो करार २०२६ च्या उन्हाळ्यापर्यंतचा होता, आणि डॉन्चिचने ऑगस्ट २०२५ मध्ये सही केलेला तीन वर्षांचा, १६ कोटी ५० लाख डॉलरचा करार त्याच्या लगेच पुढच्या हंगामापासून सुरू होणारा होता.